वनस्पतीपेशींतील पुनःसंयोजित प्रथिनांची साठवण

वनस्पतीपेशींतील पुनःसंयोजित प्रथिनांची साठवण म्हणजे जनुक अभियांत्रिकीच्या साहाय्याने वनस्पतीत निर्माण केलेले परके प्रथिन पेशीच्या विशिष्ट कप्प्यात मोठ्या प्रमाणात व अविकृत स्वरूपात साठविण्याची प्रक्रिया होय. औषधी विकरे, प्रतिपिंडे, लसींतील प्रतिजन आणि औद्योगिक विकरे वनस्पतींपासून मिळविण्यासाठी या प्रक्रियेचा उपयोग करतात. प्रथिनांची साठवण आंतर्द्रव्यजालिका, तिच्यापासून तयार होणारे प्रथिनपिंड, रिक्तिका आणि हरितलवक या ठिकाणी करता येते.

पेशीत एखादे प्रथिन किती साठेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: ते किती वेगाने तयार होते आणि किती वेगाने नष्ट होते. परक्या जनुकाचे कार्य जोमाने चालू असूनही हाती येणारे प्रथिन अत्यल्प असते, असा अनुभव संशोधकांना वारंवार आला. पेशीतील प्रथिनभेदक विकरे नवे प्रथिन तयार होताच त्याचे तुकडे करतात, हे त्याचे एक प्रमुख कारण. म्हणून प्रथिन कोठे साठवायचे हा प्रश्न त्याच्या निर्मितीइतकाच महत्त्वाचा ठरतो. साठवणीच्या जागेवर केवळ प्रमाण ठरत नाही. प्रथिनाला जोडल्या जाणाऱ्या शर्करा, त्याचा टिकाऊपणा व शुद्धीकरणाचा खर्च हेही तिच्यावरच अवलंबून असतात.

## बियांतील नैसर्गिक साठवण

बी रुजल्यापासून रोप स्वतःचे अन्न तयार करू लागेपर्यंत अंकुराचे पोषण बियांतील साठ्यावर होते. या साठ्यात पिष्ट व तेल यांच्याबरोबर प्रथिनेही असतात. तृणधान्यांच्या दाण्यात साधारणपणे ७ ते १५ टक्के, तूर, हरभरा यांसारख्या कडधान्यांत सुमारे २० ते २५ टक्के, तर सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. ही प्रथिने बी कोरडे पडल्यावरही वर्षानुवर्षे टिकतात आणि बी रुजताच त्यांचे विघटन सुरू होते.

बियांतील प्रथिनयुक्त कणांचे वर्णन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनी १८५५ च्या सुमारास केले व त्यांना ‘अल्युरोन कण’ हे नाव दिले. पुढे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ टॉमस बर ऑस्बॉर्न (१८५९–१९२९) यांनी बियांतील प्रथिनांचे त्यांच्या विद्राव्यतेनुसार चार गट पाडले. हे वर्गीकरण आजही वापरात आहे.

* अल्ब्युमिने: पाण्यात विरघळणारी.
* ग्लोब्युलिने: क्षारयुक्त पाण्यात विरघळणारी. कडधान्यांतील प्रमुख साठा यांचाच असतो.
* प्रोलामिने: पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळणारी. मक्यातील झेइन, ज्वारीतील काफिरिन व गव्हातील ग्लायाडिन ही यांची उदाहरणे.
* ग्लुटेलिने: सौम्य अल्कलीत किंवा आम्लात विरघळणारी. तांदळातील मुख्य साठवण-प्रथिन या गटातील आहे.

साठवणीच्या दृष्टीने या गटांचे मार्ग वेगवेगळे आहेत. कडधान्यांतील ग्लोब्युलिने आंतर्द्रव्यजालिकेत तयार होऊन ‘प्रथिनसाठवण रिक्तिका’ या कप्प्यात जातात. मका व ज्वारी यांतील प्रोलामिने मात्र आंतर्द्रव्यजालिकेतच राहतात व तेथे त्यांचे घट्ट गोळे बनतात. या गोळ्यांना प्रथिनपिंड म्हणतात. पूर्ण वाढलेल्या मक्याच्या दाण्यात त्यांचा व्यास साधारण १ ते २ मायक्रोमीटर असतो. तांदळाच्या दाण्यात दोन्ही पद्धती एकत्र आढळतात. आंतर्द्रव्यजालिकेपासून बनलेल्या पहिल्या प्रकारच्या पिंडांत प्रोलामिने, तर रिक्तिकेपासून बनलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पिंडांत ग्लुटेलिने साठतात.

प्रथिनपिंडांचा घट्टपणा आहारातही प्रत्ययास येतो. ज्वारी शिजविल्यावर तिच्यातील काफिरिनाचे रेणू डायसल्फाइड बंधांनी एकमेकांशी अधिकच जखडले जातात आणि पचनविकरांना ते सहजासहजी फोडता येत नाहीत. परिणामी शिजविलेल्या ज्वारीतील प्रथिनांची पचनीयता घटते. आहाराच्या दृष्टीने जो दोष, तोच गुण परके प्रथिन सुरक्षित ठेवू पाहणाऱ्या संशोधकाला उपयोगी पडतो.

## पेशीतील साठवणीच्या जागा

रायबोसोमवर तयार होणाऱ्या प्रथिनाच्या आरंभीच्या टोकाशी ‘संकेत-पेप्टाइड’ हा अमिनो आम्लांचा लहान तुकडा असेल, तर ते प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत शिरते. तसा तुकडा नसेल, तर ते सामान्यतः पेशीद्रवात राहते. पेशीद्रवात बहुतेक परक्या प्रथिनांचे प्रमाण कमी राहते. शिवाय तेथे डायसल्फाइड बंध नीट तयार होत नाहीत. त्यामुळे प्रतिपिंडांसारख्या प्रथिनांसाठी ही जागा सोयीची नसते.

### आंतर्द्रव्यजालिका

आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिनांना योग्य घडी घालणारी सहचर प्रथिने विपुल असतात व प्रथिनभेदक विकरांचा उपद्रव तुलनेने कमी असतो. शेवटच्या टोकाला लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल व ल्युसीन ही चार अमिनो आम्ले या क्रमाने असलेले प्रथिन गॉल्गी संकुलापर्यंत गेले, तरी तेथील ग्राहक रेणू त्याला परत आणतात. लायसीनऐवजी हिस्टिडीन असले तरी हाच परिणाम होतो. हा संकेत १९८७ मध्ये प्राणिपेशींत ओळखण्यात आला आणि वनस्पतीपेशींतही तो तितकाच परिणामकारक ठरला. परक्या प्रथिनाला हे चार घटकांचे शेपूट जोडणे हा साठवण वाढविण्याचा सर्वांत साधा उपाय होय. बियांच्या पेशींत मात्र हा संकेत असूनही काही प्रथिने रिक्तिकेत पोहोचल्याचे आढळले आहे.

### रिक्तिका

पानांतील मोठी मध्यवर्ती रिक्तिका आम्लधर्मी व प्रथिनभेदक विकरांनी भरलेली असते. अनेक परकी प्रथिने तेथे टिकत नाहीत. जी प्रथिने टिकतात, त्यांच्यासाठी मात्र ही जागा प्रशस्त असते. बियांतील प्रथिनसाठवण रिक्तिकेत परिस्थिती अधिक अनुकूल असून, बी सुकत असताना प्रथिनभेदनाची क्रिया जवळजवळ थांबते.

### हरितलवक

हरितलवकाचा स्वतःचा जनुकसंच असतो व त्याच्या प्रती एका पेशीत हजारोंच्या संख्येने असतात. परके जनुक या संचात घातल्यास प्रथिनाची निर्मिती प्रचंड प्रमाणात होते. २००१ मध्ये तंबाखूच्या हरितलवकांत एक जिवाणुजन्य कीटकनाशक प्रथिन एकूण विद्राव्य प्रथिनांच्या सुमारे ४६ टक्क्यांपर्यंत साठले व त्याचे स्फटिक तयार झाले. स्फटिकरूपामुळे प्रथिनभेदक विकरांपासून त्याचे रक्षण झाले. मात्र प्रथिनांना शर्करा-साखळ्या जोडण्याची व्यवस्था हरितलवकात नसते. ज्या औषधी प्रथिनांना अशा साखळ्या आवश्यक असतात, ती येथे तयार करून भागत नाही.

## प्रथिनपिंडांची जडणघडण

मक्याच्या दाण्यात आल्फा, बीटा, गॅमा व डेल्टा असे झेइनाचे चार प्रकार असतात. सर्वाधिक प्रमाण आल्फा-झेइनाचे असते. दाणा भरू लागतो तेव्हा तयार होणाऱ्या लहान पिंडांत गॅमा व बीटा-झेइन आढळते. पुढे पिंडाचा गाभा आल्फा-झेइनाने भरतो आणि गॅमा-झेइन त्याच्या कडेला कवचासारखे राहते. ही रचना लेन्डिंग व लार्किन्स यांनी १९८९ मध्ये दाखवून दिली.

गॅमा-झेइनाचे महत्त्व १९९६ मधील एका प्रयोगाने स्पष्ट झाले. तंबाखूच्या बियांत एकट्या आल्फा-झेइनाचे जनुक घातले असता ते प्रथिन फारसे टिकले नाही. त्याच्याबरोबर गॅमा-झेइनही असेल, तेव्हा मात्र दोहोंचे मिळून प्रथिनपिंड तयार झाले व आल्फा-झेइन साठून राहिले. एक प्रथिन दुसऱ्याला आश्रय देऊ शकते, हे या प्रयोगातून दिसले.

गॅमा-झेइनाची ही क्षमता त्याच्या आरंभीच्या भागात आहे. या भागात प्रोलीन, प्रोलीन, प्रोलीन, व्हॅलीन, हिस्टिडीन व ल्युसीन या सहा अमिनो आम्लांचा क्रम आठ वेळा येतो. अशी साखळी एका बाजूने जलस्नेही व दुसऱ्या बाजूने जलविरोधी असते आणि आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाच्या आतील पृष्ठभागाशी तिची जवळीक असते. याच भागातील सिस्टीन रेणू शेजारच्या साखळ्यांशी डायसल्फाइड बंध जोडतात. त्यातून रेणूंचे मोठे समूह बनतात व ते इतके जड व अविद्राव्य होतात की पेशीच्या पुढील वाहतूकमार्गावर ते जाऊच शकत नाहीत. जालिकेचे पटल त्यांच्याभोवती फुगते आणि पटलाने वेढलेला पिंड तयार होतो. आतील प्रथिन अशा प्रकारे प्रथिनभेदक विकरांपासून दूर राहते.

## जोड-घटक

वरील गुणधर्माचा उपयोग करून, ज्या प्रथिनाची साठवण करायची त्याला दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा जोडण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी दोन जनुके सलग जोडून एकच संयुक्त जनुक तयार करतात. पुढील चार जोड-घटकांचा अभ्यास विशेष झाला आहे.

* झिओलिन: घेवड्याचे फॅसिओलिन हे साठवण-प्रथिन व गॅमा-झेइनाचा तुकडा यांचा संयोग. इटलीतील संशोधकांनी २००४ मध्ये त्याचे वर्णन केले. फॅसिओलिन स्वभावतः रिक्तिकेत जाते. परंतु झेइनाचा तुकडा जोडल्यावर ते आंतर्द्रव्यजालिकेतच राहून पिंडरूप झाले आणि तंबाखूच्या पानांत मोठ्या प्रमाणात साठले.
* झेरा: गॅमा-झेइनाचा आरंभीचा भाग. बार्सिलोना येथील संशोधकांनी तो विकसित केला. तंबाखूच्या पानांबरोबरच कीटकांच्या, सस्तन प्राण्यांच्या व बुरशीच्या पेशींतही तो प्रथिनपिंड तयार करतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पिंड तयार होण्यासाठी बियांचीच पेशी लागत नाही, हा त्याचा अर्थ होय.
* इलॅस्टिनसदृश साखळी: सस्तन प्राण्यांच्या ऊतींना लवचिकता देणाऱ्या इलॅस्टिन या प्रथिनावर आधारलेली पाच अमिनो आम्लांची पुनरावृत्त साखळी. ठरावीक तापमानाच्या वर ती द्रावणातून बाहेर पडते व थंड केल्यावर पुन्हा विरघळते. त्यामुळे साठवणीबरोबर शुद्धीकरणही सोपे होते.
* हायड्रोफोबिन: बुरशींत आढळणारे पृष्ठक्रियाशील लहान प्रथिन. २०१० मध्ये तंबाखूच्या कुळातील निकोटियाना बेन्थामियाना या वनस्पतीत, हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाला हायड्रोफोबिन जोडल्यावर ते एकूण विद्राव्य प्रथिनांच्या ५१ टक्क्यांपर्यंत साठले. पृष्ठक्रियाशील द्रव मिसळताच हायड्रोफोबिनयुक्त प्रथिन त्या द्रवाच्या थरात जाते व पानांतील इतर प्रथिनांपासून वेगळे होते.

## प्रमाण मोजण्याची पद्धत

साठवणीचे प्रमाण बहुधा ‘एकूण विद्राव्य प्रथिनांच्या टक्केवारीत’ देतात. निरनिराळ्या प्रयोगांतील अशा टक्केवारींची तुलना जपून करावी लागते. पानाच्या वजनाचा फार मोठा भाग पाण्याचा असल्याने त्यातील एकूण प्रथिनच थोडे असते. कोरड्या बीमध्ये ते कितीतरी अधिक असते. त्यामुळे समान टक्केवारी असली, तरी एक किलो पाने व एक किलो बिया यांतून मिळणाऱ्या प्रथिनाच्या वजनात मोठी तफावत पडते. पान म्हातारे होऊ लागल्यावर त्यातील इतर प्रथिने घटतात व परक्या प्रथिनाचे प्रमाण न वाढताही टक्केवारी वाढलेली दिसते. म्हणून ताज्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे किती ग्रॅम प्रथिन मिळाले, हे सांगणे अधिक उपयुक्त मानतात.

## ऐतिहासिक आढावा

१९८३ मध्ये घेवड्याचे फॅसिओलिन जनुक ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या साहाय्याने सूर्यफुलाच्या पेशींत घालण्यात आले. वनस्पतीचे जनुक दुसऱ्या कुळातील वनस्पतीत नेण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते; हे जनुक साठवण-प्रथिनाचेच होते, ही बाब लक्षणीय आहे. १९८९ मध्ये हायट, कॅफर्की व बोडिश यांनी तंबाखूत पूर्ण प्रतिपिंड तयार केले. १९९० मध्ये बटाटा व तंबाखू यांत मानवी रक्तरसातील अल्ब्युमिन तयार झाले.

या काळात मिळणारे प्रमाण बहुधा अल्प असे. त्यानंतर लक्ष साठवणीकडे वळले. २००२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी घेवड्याच्या साठवण-प्रथिनाचे नियंत्रक भाग वापरून ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या बियांत प्रतिपिंडाचा एक तुकडा विद्राव्य प्रथिनांच्या ३६.५ टक्क्यांपर्यंत साठविला.

## उपयोग

### गोशे विकारावरील विकर

गोशे हा आनुवंशिक विकार असून त्यात ग्लुकोसेरेब्रोसिडेज या विकराच्या अभावी एक स्निग्ध पदार्थ भक्षकपेशींत साचत जातो. यकृत व प्लीहा सुजणे, रक्तक्षय व हाडांचे दुखणे ही त्याची लक्षणे होत. रुग्णाला हे विकर ठरावीक अंतराने शिरेतून द्यावे लागते व हा उपचार अत्यंत महाग आहे.

विकर भक्षकपेशींत शिरण्यासाठी त्यावरील शर्करा-साखळ्यांच्या टोकाशी मॅनोज असावे लागते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत तयार केलेल्या विकराच्या साखळ्या त्यासाठी नंतर प्रयोगशाळेत छाटाव्या लागतात. इस्राएलमधील प्रोटॅलिक्स या कंपनीने गाजराच्या पेशींत हे विकर तयार केले व शेवटच्या टोकाला तंबाखूच्या एका प्रथिनातील संकेत जोडून त्याला रिक्तिकेत पाठविले. रिक्तिकेत शर्करा-साखळ्या आपोआप छाटल्या जातात व मॅनोज उघडे पडते. अशा प्रकारे येथे साठवणीच्या जागेनेच औषधाला आवश्यक रूप दिले. टॅलिग्लुसरेज अल्फा नावाच्या या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१२ मध्ये मान्यता दिली. वनस्पतीपेशींत तयार झालेले व मानवी उपचारासाठी तेथे मान्यता मिळालेले हे पहिले पुनःसंयोजित प्रथिन होय.

### तांदळातील लस

टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी कॉलऱ्याच्या विषाचा निरुपद्रवी ‘बी’ घटक तांदळाच्या दाण्यात तयार केला. तो दोन्ही प्रकारच्या प्रथिनपिंडांत साठला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असा तांदूळ सर्वसाधारण तापमानात दीड वर्षाहून अधिक काळ ठेवला, तरी त्यातील प्रतिजन परिणामकारक राहिला. जठरातील पेप्सिन या विकराचाही त्याने प्रतिकार केला. या लसीची मानवी चाचणीही पुढे घेण्यात आली. लस कारखान्यापासून दूरच्या आरोग्यकेंद्रापर्यंत सतत थंड ठेवावी लागते; जेथे विजेचा भरवसा नाही, तेथे ही शीतसाखळी तुटते व लस वाया जाते. दाण्यातील साठवणीचे महत्त्व अशा प्रदेशांसाठी विशेष आहे.

### इतर

चीनमधील वुहान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये तांदळाच्या दाण्यात मानवी रक्तरसातील अल्ब्युमिन विद्राव्य प्रथिनांच्या १० टक्क्यांहून अधिक प्रमाणात साठल्याचे दाखविले. भाजणे, यकृताचे विकार व मोठा रक्तस्राव यांवरील उपचारांत लागणारे हे प्रथिन एरवी दात्यांच्या रक्तापासून मिळवावे लागते. प्रतिजन प्रथिनपिंडांच्या रूपातच टोचल्यास रोगप्रतिकारक संस्था त्याला अधिक जोरदार प्रतिसाद देते, असे उंदरांवरील काही प्रयोगांत आढळले आहे.

## मर्यादा व आक्षेप

प्रथिनपिंडांचा घट्टपणा शुद्धीकरणात कधी साहाय्यक, तर कधी अडसर ठरतो. पिंड जड असल्याने अपकेंद्रित्राने ते सहज वेगळे होतात. परंतु आतील प्रथिन सोडविण्यासाठी डायसल्फाइड बंध तोडणारी रसायने वापरावी लागतात व त्यांनी मूळ प्रथिनाची घडी विस्कटण्याचा धोका असतो. जोड-घटक शेवटी कापून काढावा लागतो. त्याने प्रथिनाच्या कार्यात अडथळाही येऊ शकतो. आंतर्द्रव्यजालिकेवर फार ताण पडल्यास पेशी स्वतःची इतर प्रथिने कमी करते. गॉल्गी संकुलातून गेलेल्या प्रथिनांना वनस्पती ज्या विशिष्ट प्रकारे झायलोज व फ्युकोज या शर्करा जोडतात, तशी जोडणी मानवी प्रथिनांत नसते. म्हणूनही आंतर्द्रव्यजालिकेतील साठवणीला पसंती दिली जाते.

अधिक गंभीर आक्षेप अन्नसुरक्षेचा आहे. औषधी प्रथिन असलेले बी व खाण्याचे बी दिसण्यात सारखेच असते. २००२ मध्ये अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, प्रोडिजीन या कंपनीच्या औषधी मक्याची आदल्या हंगामातील झाडे सोयाबीनच्या शेतात उगवली व त्यांचे अंश काढणीत मिसळले. परिणामी सुमारे पाच लाख बुशेल सोयाबीन बाद करावे लागले व कंपनीला दंड झाला. या घटनेनंतर अनेक संशोधकांनी खाद्यपिकांऐवजी निकोटियानासारखी अखाद्य वनस्पती किंवा बंदिस्त पात्रात वाढविलेल्या पेशी यांचा मार्ग स्वीकारला. परके साठवण-प्रथिन अधिहर्षताकारक असण्याचीही शक्यता असते. सोयाबीनची पोषणमूल्ये वाढविण्यासाठी त्यात घातलेले ब्राझील नट या फळाचे प्रथिन अधिहर्षता निर्माण करते, असे १९९६ मध्ये सिद्ध झाले व ते वाण बाजारात आणले गेले नाही.

## भारतातील संशोधन

साठवण-प्रथिनांतील बदलांचा विचार भारतात प्रामुख्याने पोषणाच्या अंगाने झाला. झेइनात लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळजवळ नसल्याने मक्याचे प्रथिन निकृष्ट ठरते. १९६४ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ‘ओपेक-२’ या उत्परिवर्तित मक्यात झेइन कमी व लायसीन अधिक असल्याचे आढळले. त्यावर आधारित शक्ती, रतन व प्रोटीना हे वाण भारतात १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रसारित झाले. परंतु झेइन घटल्याने त्यांचे दाणे मऊ व पिठाळ झाले आणि साठवणीतील किडींना सहज बळी पडू लागले. दाण्याचा टणकपणाही प्रथिनपिंडांवर अवलंबून असतो, हे यातून दिसते. पुढे गॅमा-झेइनाचे प्रमाण वाढविणाऱ्या सहायक जनुकांची निवड करून टणक दाण्याचा ‘दर्जेदार प्रथिनयुक्त मका’ विकसित झाला. या कार्यासाठी सुरिंदर वासल व एव्हान्जेलिना व्हियेगास यांना २००० चा जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला.

नवी दिल्ली येथील संशोधकांनी राजगिऱ्याच्या बियांतील एका अल्ब्युमिनाचे जनुक बटाट्यात घातले. या प्रयोगाचे निष्कर्ष २००० मध्ये व विविध वाणांवरील पुढील निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काही वाणांच्या कंदांतील एकूण प्रथिनात ६० टक्क्यांपर्यंत वाढ झाल्याचे त्यात नमूद आहे. राजगिरा उपवासाला चालणारे व परंपरेने आहारात असलेले धान्य असल्याने त्याच्या प्रथिनाची निवड करण्यात आली. पिष्टमय कंदातही बियांचे प्रथिन साठू शकते, हे या प्रयोगाने दाखविले.

## हे सुद्धा पहा

* आंतर्द्रव्यजालिका
* जनुक अभियांत्रिकी
* प्रथिन
* रिक्तिका
* लस